हायब्रिडला सहा वर्षं झाली. पुढची प्लगवाली घ्यावी का?

चाकोरीबाहेर (धागाकर्ता)

मंडळी, माझ्या हायब्रिडला सहा वर्षं झाली. काटा १,१८,००० वर आहे. विकायची घाई नाही, पण घरात दुसऱ्या गाडीचा विषय निघाला आणि मुलीने "बाबा, आता प्लगवाली बघा" असं टुमणं लावलंय, म्हणजे भिंतीतल्या सॉकेटवर चार्ज होणारी प्लग-इन हायब्रिड. म्हणून हा धागा. आधी माझं पुराण, मग शंका.

माझी साधी हायब्रिड, पेट्रोल इंजिन आणि जोडीला विजेची मोटर, वायर लावायची भानगड नाही. रोजचं जाणंयेणं ३४ किमी, त्यातलं निम्मं सिग्नल ते सिग्नल. शहरात लिटरला २२-२३ मिळतात आणि हायवेवर ११० च्या आसपास धरली तर १८. लिहिताना उलटसुलट झालेलं नाही. ब्रेक दाबला की मोटर जनित्र बनते आणि एरवी ब्रेक तापवण्यात गेली असती ती ऊर्जा बॅटरीत जाते. हायवेवर तास-तास ब्रेकच लागत नाही, तर साठणार काय? शिवाय वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट. ज्यांचं सगळं रनिंग हायवेचं आहे त्यांनी हायब्रिडकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

पहिल्या महिन्यातला माझा गाढवपणा सांगतो. आधीच्या गाडीची सवय, उभं राहिलं की न्यूट्रल. एकदा पुढे रस्त्याचं काम चालू होतं, पाऊण तास अडकलो. एसी चालू, गाडी न्यूट्रलमध्ये. बॅटरीच्या चित्रातल्या सहा कांड्या पाच, चार करत एकावर आल्या आणि पडद्यावर पाटी झळकली की न्यूट्रलमध्ये बॅटरी चार्ज होत नाही. ब्रेकवर पाय ठेवून डी मध्ये टाकली, तसं इंजिन आपणहून घरघरायला लागलं आणि थोड्या वेळाने कांड्या परत चढल्या. तेव्हापासून कानाला खडा. या गाडीत आपण जितकी कमी ढवळाढवळ करू तितकी ती सरळ चालते.

दुसरा किस्सा गेल्या वर्षीचा. मागच्या बाजूने पंख्याची घूं घूं यायला लागली, मग एक दिवस दिवा लागला. सर्व्हिसवाल्याने संगणक जोडून पाहिलं आणि सांगितलं, बॅटरी बदलावी लागेल. घरी येऊन मॅन्युअल उघडलं. मागच्या सीटच्या कडेला बॅटरीला थंड हवा देणारी एक जाळी असते. ती काढली तर आतल्या गाळणीवर आमच्या कुत्र्याच्या केसांचा नमदा बसलेला, बोटाने सोलून निघेल असा. ब्रशने साफ केला, दिवा घालवून घेतला. पुन्हा लागलेला नाही. बॅटरी तीच आहे.

आता शंका. प्लगवाल्या गाडीला माणूस खरंच रोज रात्री वायर लावतो का, की पहिले दोन महिने कौतुक आणि मग कंटाळा? ज्यांच्याकडे आहे त्यांनी खरं सांगा. मार्केटिंगवाल्यांचं ऐकून झालंय.

शंकेखोर

मला हा प्रकारच कळत नाही. पेट्रोल हवं तर पेट्रोल घ्या, वीज हवी तर पूर्ण विजेची घ्या. दोन्ही एका बॉनेटखाली कोंबायचं म्हणजे बिघडणाऱ्या वस्तू दुप्पट. आणि मेव्हण्याची हायब्रिड चालवली होती, पाय दाबला की इंजिन रडतं आणि गाडी मागून सावकाश येते. याला गिअरबॉक्स म्हणतात का?

तेलकट हात

शंकेखोर, रडण्याबद्दल तुमचं बरोबर आहे, बिघडण्याबद्दल नाही. पंधरा वर्षं या गाड्या उघडतोय म्हणून सांगतो.

तुम्ही बहुतेक पॉवर-स्प्लिट जातीची चालवली. ही पद्धत १९९७ च्या डिसेंबरमध्ये जपानात आलेल्या टोयोटा प्रियसने रस्त्यावर आणली. आत एक प्लॅनेटरी गिअर असतो. मधोमध सूर्य, त्याच्याभोवती ग्रह, सगळ्यांना वेढणारं कडं. इंजिन ग्रहांच्या चौकटीला, एक मोटर सूर्याला, दुसरी मोटर आणि चाकं कड्याच्या बाजूला. दाते कायम एकमेकांत अडकलेले. ना क्लच प्लेट, ना पट्टा, ना स्टार्टर, ना अल्टरनेटर. सूर्यावरची मोटर कमीजास्त फिरवली की इंजिनाचे फेरे बदलतात आणि चाकांचा वेग तोच राहू शकतो. म्हणून तुम्हाला वाटतं इंजिन एकीकडे आणि गाडी एकीकडे. दोन्ही एकत्र न चालणं हेच तर तिचं काम, इंजिनाला त्याच्या सोयीच्या फेऱ्यांवर ठेवायचं.

आता इंजिन असं लाडावलेलं का? कारण ते ॲटकिन्सन पद्धतीचं असतं. हवा आत घेणारी झडप उशिरा मिटते, घेतलेल्या हवेतली थोडी परत बाहेर ढकलली जाते. म्हणजे दाबायला मिश्रण कमी, पण फुगायला पूर्ण स्ट्रोक. जेम्स ॲटकिन्सनने १८८० च्या दशकात हे दांड्यांच्या खटाटोपाने साधलं होतं, आता नुसत्या झडपेच्या वेळेवर होतं. पेट्रोल वाचतं, पण खालच्या फेऱ्यांवर इंजिनात दम नसतो. तो दम मोटर भरून काढते, कारण तिचा पूर्ण जोर शून्यापासून असतो. एकटं इंजिन किंवा एकटी मोटर घातली असती तर दोघंही नापास झाले असते.

सगळ्या हायब्रिड अशा नसतात. होंडाच्या पद्धतीत शहरात इंजिन बहुतेक वेळ नुसती वीज बनवतं आणि हायवेच्या वेगाला क्लचने थेट चाकांना जोडलं जातं. निसानने २०१६ पासून आणलेल्या ई-पॉवरमध्ये तर इंजिन चाकांना कधीच जोडलं जात नाही. कल्पना नवी नाही, १९०० च्या सुमाराला फर्डिनांड पोर्शने इंजिनावर जनित्र फिरवून चाकांतल्या मोटरींना वीज दिली होती. आणि ४८ व्होल्टची 'माइल्ड हायब्रिड' म्हणून जी विकतात, तिच्यात सहसा पट्ट्यावरची एक मोठी स्टार्टर मोटर असते. ती इंजिनाला हात देते, पण बहुतेक अशा गाड्या नुसत्या विजेवर पुढे सरकत नाहीत. शोरूममध्ये एकच प्रश्न विचारा: इंजिन बंद ठेवून ही पार्किंगमधून बाहेर निघते का?

धागाकर्ते, तुमच्या सर्व्हिसवाल्याबद्दल न बोललेलं बरं. गाळणी बघायला पाच मिनिटं लागतात.

शंकेखोर

ग्रह-सूर्याचं आत्ता कुठे डोक्यात शिरलं. पण बॅटरी खरंच गेली तर?

तेलकट हात

जाते, पण मोबाइलसारखी नाही. साध्या हायब्रिडची बॅटरी साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या पट्ट्यातच खेळवतात, पूर्ण भरूही देत नाहीत आणि रिकामीही होऊ देत नाहीत. म्हणून ती टिकते. दुसऱ्या पिढीच्या प्रियसच्या बॅटरी पॅकमध्ये २८ मॉड्यूल (सेलचे छोटे गठ्ठे) होते, प्रत्येकात सहा सेल, मिळून २०१.६ व्होल्ट. एक मॉड्यूल मंदावलं की पूर्ण पॅक बोंबलतो. कोणी म्हणालं 'एकच बदलून देतो', तर समजून घ्या की उरलेलीही त्याच वयाची आहेत. या महिन्यात एक, दिवाळीला दुसरं.

आणि नारिंगी केबलला हात लावायचा नाही, तीत शेकडो व्होल्ट असतात. घरगुती मेकॅनिकने तर अजिबात नाही.

रात्रपाळी

धागाकर्त्यांच्या प्रश्नाला सरळ उत्तर: हो, मी लावते. तीन वर्षं, जवळजवळ रोज. पण मी काय परिस्थितीत लावते तेही ऐका.

माझी प्लग-इन आहे, बॅटरी १३ युनिटची, विजेवर ४५ किमी जाते, थंडीत ३५. घर तळमजल्याचं, गाडी दाराशी, सॉकेट भिंतीत. गाडीतून उतरून घरात जाताना वायर हाताला लागते इतकी जवळ. हॉस्पिटलला जाऊनयेऊन २८ किमी. त्यामुळे पेट्रोल पंपाचं तोंड अडीच-तीन महिन्यांनी बघते.

आता न सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी. एक, पेट्रोल शिळं होतं. बऱ्याच गाड्या मग स्वतःच इंजिन चालवून ते संपवतात. शेव्हरोले व्होल्टमध्ये टाकीतलं पेट्रोल सरासरी वर्षाचं झालं की तसं होत असे. माझी गाडी एका पहाटे शांत गल्लीत अचानक गुरगुरली, मला वाटलं काहीतरी तुटलं. आता टाकी अर्धीच ठेवते. थंडीत हीटर लावला तरी इंजिन सुरू होतं, कारण माझ्या मॉडेलला केबिन तापवायची वेगळी विजेची सोय नाही. घेताना हे विचारलं नव्हतं, तुम्ही विचारा. इंजिन ऑइलही किलोमीटर बघून नाही, तारीख बघून बदलते. दोन-दोन मिनिटं चाललेल्या इंजिनाचं ऑइल नीट तापत नाही आणि त्यात पेट्रोल उतरत राहतं.

आणि सॉकेट! मिक्सर पाच मिनिटं चालतो, गाडी सहा तास १० अँपिअर ओढते. आठव्या महिन्यात प्लग काढताना चटका बसला. सॉकेटच्या उजव्या भोकाभोवती चहाच्या डागासारखं तपकिरी वर्तुळ, आणि जळक्या प्लास्टिकचा वास. इलेक्ट्रिशियनने उघडलं तर आतला स्क्रू सैल. आता वेगळी लाइन आणि जाड सॉकेट आहे. एक्स्टेंशन बोर्डावर गाडी लावणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार, आणि गुंडाळलेल्या रिळावर लावणाऱ्यांना साष्टांग.

चाकोरीबाहेर (धागाकर्ता)

रात्रपाळीताई, दंडवत. पण 'दाराशी सॉकेट' हीच तर गोम. आमचं पार्किंग बेसमेंटमध्ये, आम्ही सहाव्या मजल्यावर. लाइन ओढायची परवानगी मिळू शकते, पण जागा लिफ्टपासून लांबच्या टोकाला.

हिशेबनीस

थोडे आकडे. तुमचे ३४ किमी म्हणजे प्लग-इनला साधारण ६.५ ते ७ युनिट. २.३ किलोवॅटच्या साध्या सॉकेटवर गळती धरून साडेतीन तास. रात्र पुरून उरते. भरलेल्या ४५ मधून ३४ गेले की उरतात ११, म्हणजे एक रात्र चुकली की दुसऱ्या दिवशी पहिल्या ११ किमीनंतर पेट्रोल. एखादी रात्र चुकल्याने फार बिघडत नाही, सलग चुकल्या की तुम्ही बॅटरीचं ओझं पेट्रोलवर वाहताय.

ही सुटी उदाहरणं नाहीत. युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये गाड्यांच्याच इंधन-मीटरमधून आलेली माहिती छापली. २०२१ मध्ये नोंदवलेल्या प्लग-इन गाड्यांचं प्रत्यक्षातलं कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट होतं. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचा फरक २० टक्क्यांच्या आसपास. कारण सोपं आहे: चाचणीच्या सूत्रात माणूस किती वेळा चार्ज करेल हे गृहीत धरलेलं असतं, आणि माणूस तितका करत नाही. ब्रोशरवरचं 'लिटरला साठ' हे गाडीचं नाही, त्या गृहीतकाचं ॲव्हरेज आहे.

फुकटचं पेट्रोल

तो माणूस मीच. आयडी त्यासाठीच घेतला.

ऑफिसने प्लग-इन दिली होती, करात सवलत मिळते म्हणून. पेट्रोलचं कार्ड ऑफिसचं, विजेचं बिल माझं. पुढचं सांगायला नको. तीन वर्षांनी गाडी परत करताना डिकीतल्या खणातून वायरची पिशवी काढली, तर आतल्या गुंडाळीवर कंपनीची प्लास्टिकची पट्टी तशीच. तपासणाऱ्या पोराने ती कात्रीने कापली, वायर मोजून परत गुंडाळली आणि कागदावर लिहिलं: 'वायर, स्थिती उत्तम.' लिटरला १३ मिळायचे. बरेचदा 'चार्ज' मोडचं बटण दाबून ठेवायचो, इंजिनाने बॅटरी भरतोय याचं समाधान. ते तर अजून वाईट. पेट्रोल जाळून वीज, ती बॅटरीत, तिथून परत मोटरला, प्रत्येक पायरीवर जकात.

घाटपांडे नव्हे

माझा विषय वेगळा, उतार. नवीन हायब्रिडवाल्यांची फजिती इथे होते. लांब उतारावर ब्रेकने बॅटरी भरत जाते आणि थोड्या वेळात पूर्ण भरते. मग मोटरला वीज ठेवायला जागा नाही, म्हणजे सगळा भार खऱ्या ब्रेक पॅडवर. अशा वेळी बी मोड. त्यात इंजिन ओढून फिरवलं जातं आणि ते गाडीला अडवतं. आवाज भयानक येतो, उतारावर पाय सोडलेला असताना इंजिन ४,००० फेऱ्यांवर बोंबलतं. बायको म्हणाली, "पेट्रोल कशाला जाळताय?" जळत काहीच नसतं, नुसता हवेचा पंप झालेला असतो.

पण सपाटीवर रोज बी मध्ये चालवणारे लोक पाहिलेत, जास्त चार्ज होतं म्हणे. होत नाही. जी ऊर्जा बॅटरीत गेली असती ती इंजिन फिरवण्यात घालवताय. सपाटीला डी, आणि ब्रेक लवकर व हळू.

तेलकट हात

सहमत. ब्रेकवरून आठवलं, हायब्रिडचे पॅड झिजतच नाहीत म्हणून लोक वर्षानुवर्षं बघत नाहीत. कमी वापराने डिस्क गंजते, कॅलिपरच्या पिना जाम होतात. वर्षातून एकदा उघडून ग्रीस.

सुट्टीवर

अवांतर, पण माझं रडगाणं ऐका. तीन आठवडे बाहेर होतो. परत आलो तर रिमोटने दार उघडेना, पडदा काळा. मागे शेकडो व्होल्टची बॅटरी भरलेली, आणि गाडी मेलेली!

तेलकट हात

१२ व्होल्टची छोटी बॅटरी बसली असणार. इंजिन मोठ्या बॅटरीनेच फिरतं, पण संगणक जागा करणं आणि मोठ्या बॅटरीचा रिले ओढणं हे काम छोटीचं. तिजोरी भरलेली, किल्ली हरवलेली, असा प्रकार. गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर कोणाला तरी सांगून आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास 'रेडी' मध्ये ठेवा. नुसता पडदा लावून नाही, 'रेडी' दिवा लागला पाहिजे. आणि बंद गॅरेजमध्ये अजिबात नाही. इंजिन बंद दिसतं म्हणून लोक फसतात. ते मध्येच आपणहून सुरू होतं आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

टो करावी लागली तर पुढची चाकं उचलून किंवा पूर्ण गाडी ट्रकवर. चाकं फिरली की मोटर फिरते आणि वीज बनवते.

आजीची छत्री

धागाकर्ते, इतक्या चर्चेची गरज नाही. गाडी घ्यायच्या आधी वायर लावून बघा.

म्हणजे असं. बेसमेंटमध्ये तुमच्या जागेजवळच्या भिंतीला, जिथे सॉकेट येईल तिथे, एक खिळा ठोका. गाडीत एक कापडी पिशवी ठेवा. रोज रात्री गाडी लावली की पिशवी खिळ्याला अडकवायची, सकाळी निघताना काढून गाडीत टाकायची. पाऊस असो, पाहुणे असोत, हातात भाजी असो. तीस दिवस. जितक्या रात्री पिशवी लटकली तितक्या रात्री तुम्ही चार्ज केलं असतं. मी ट्रेडमिल घ्यायच्या आधी असंच रोज अर्धा तास कोपऱ्यात उभी राहिले होते. ट्रेडमिल घेतली नाही.

रात्रपाळी

हाहाहा. आजी, ही परीक्षा शोरूममध्ये ठेवायला हवी.

चाकोरीबाहेर (धागाकर्ता)

मंडळी, धागा वर काढतोय. महिना झाला.

खिळा ठोकला. पिशवी चेनवाली, भाजीची. पहिले नऊ दिवस नेमाने. दहाव्या दिवशी उशीर झाला, लिफ्ट उघडी दिसली, धावलो. नंतर एकदा फोनवर बोलत वर गेलो. तीनदा पिशवी सकाळी काढायला विसरलो आणि रात्री अडकवायला पिशवीच गाडीत नाही. त्या रात्री मोजायच्या की नाही यावर मुलीशी वाद झाला. खऱ्या वायरचं असं होणार नाही, वायर अडकलेली असताना गाडी हलतच नाही, असं ती म्हणाली. मुद्दा बरोबर होता म्हणून तीनही जमेत धरल्या. तरी एकूण तीस पैकी सतरा.

हिशेबनीसभाऊ, चुकलेल्या तेरापैकी आठ सलग जोड्यांत होत्या.

हिशेबनीस

मग साधी हायब्रिडच. तुमची आहे तीच अजून पाच वर्षं चालवा, जाळी साफ ठेवून.

चाकोरीबाहेर (धागाकर्ता)

मीही तेच म्हणालो. पण मुलगी म्हणते, नवी गाडी ती चालवणार आहे, माझी परीक्षा घेऊन काय उपयोग? खिळा तिथेच आहे. पिशवी काल तिच्याकडे दिली. आजचा दुसरा दिवस, आत्ता खाली जाऊन बघून आलो, लटकतेय.